वाटी राहू दे, काटाही घे

सांगली,
नवरात्राचा तिसरा दिवस

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू तीन काट्यांचे फोटो पाठवलेस आणि खाली एवढंच लिहिलंस, 'आत्या, यातला कुठला?' उत्तर एका ओळीचं आहे. पाच किलोपर्यंत तोलणारा, एकेक ग्रॅम दाखवणारा, रिमोटच्या सेलवर चालणारा, सपाट स्टीलच्या तबकाचा, असा जो सगळ्यांत साधा दिसेल तो घे. चार-पाचशे रुपयांत मिळून जातो. पण तुला मी ओळखते. यावर 'का?' असा मेसेज येणार, मग दुसरा, मग तिसरा, आणि मला त्या एवढ्याशा पट्टीवर बोटं दुखेपर्यंत टाइप करत बसावं लागणार. त्यापेक्षा कागद बरा. शिवाय कॉलेजच्या रसायनशाळेत नोकरीची सगळी वर्षं तराजूंच्या काचपेट्या पुसण्यात गेली. या एका विषयावर तरी घरात माझं ऐकून घेतलं जावं.

आधी हे ऐक. काटा आला म्हणून वाटी माळ्यावर टाकायची नाही. वजनाशिवायचा स्वयंपाक म्हणजे अंदाजपंचे, असं म्हणणाऱ्यांना आपला स्वयंपाक कळलेलाच नाही. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापांवर तिने पिढ्यांना रांधायला शिकवलं. त्यातली खुबी अशी, की वाटी कुठली याला फारसं महत्त्वच नसतं. उकडीला जेवढी पिठी तेवढं पाणी. भाताला तांदळाच्या दुप्पट पाणी. वाटी लहान असो की मोठी, दोन्ही जिन्नसांना तीच लावली की प्रमाण जागेवर राहतं. आमटीची डाळ, कांदेपोह्यांचे पोहे, फोडणीतली मोहरी यांना काटा लावलास तर तुझी सासू हसेल, आणि बरोबरच हसेल.

वाटी फसते ती दोन ठिकाणी. जिन्नस वाटीत दर वेळी सारखा बसत नाही तिथे, आणि कृती एका घरातून उठून दुसऱ्या घरात जाते तिथे.

मैद्याचं बघ. डब्यात तीच वाटी खुपसून मैदा काढलास तर तो दाबून येतो. चमच्याने हलकेच भरलास तर सैल बसतो. परदेशी पुस्तकातला 'कप' घेतलास तर त्याच एका कपात १२० ग्रॅमही मैदा मावतो आणि १५० ग्रॅमही. म्हणजे पाव हिश्शाचा फरक, आणि दोन्ही वेळा तू इमानदारीने एक कपच मोजलेला असतो. बेसनाचं तसंच. नारळाचा चव दाबून वाटीभर की सैल वाटीभर, हे कोकणातली बाई लिहून देत नाही, तिच्या हाताला ते माहीत असतं. गुळाचं तर विचारूच नकोस. किसलेला, चिरलेला आणि ढेपेचा खडा फोडलेला, तिघांची वाटी वेगळी. आणि मीठ! लोणच्याच्या जाड्या मिठाची वाटी आणि पुड्यातल्या बारीक मिठाची वाटी यांत बारीक मीठ सहज जास्त भरतं, कारण जाड्या खड्यांमध्ये हवा असते. आपल्याकडे कैरीच्या फोडी किलोभर असतील तर मीठ २०० ग्रॅम पडतं. फोडींना बुरशी धरू न देण्याचं काम त्या मिठाचं आहे, तिथे 'अंदाजे' चालत नाही. खडे मिठाची वाटी लिहिलेली कृती वाचून तू बारीक मीठ घातलंस तर लोणचं टिकेल, पण ते खाणाऱ्यांचं काही खरं नाही.

आता दुसरी जागा, आणि तुझे केक का बसतात याचं उत्तर बहुधा इथेच आहे. वाटीचं प्रमाण तोवरच चालतं जोवर सगळे जिन्नस वाटीने मोजले जातात. त्यात एक जरी जिन्नस ठरलेल्या नगाने आला की न्याय मोडला. अंडं वाटी बघून लहानमोठं होत नाही. कवच काढलं की ते साधारण ५० ग्रॅमचं. बटरचं पाकीट १०० ग्रॅमचं. यीस्टची पुडी जेवढ्याची तेवढीच. अमेरिकेतला कप २४० मिलीच्या आसपास, ऑस्ट्रेलियातला २५०, आणि तू घेतेस ती आमटीची वाटी, जी माझ्या हिशेबाने १५० सुद्धा भरायची नाही. मैदा, साखर, दूध सगळं त्या वाटीने आणि अंडी मात्र पुस्तकात लिहिली तेवढीच तीन! केकने काय करावं? कृती जेव्हा अनोळखी माणसाच्या ओट्यावरून येते तेव्हा ती ग्रॅममध्ये यावी, आणि तुझ्या घरात ती काट्याने उतरावी. काटा घ्यायचं खरं कारण एवढंच.

अनोळखी माणसं परदेशातच असतात असंही नाही. आजीची वही तुझ्याकडे आहे ना? ती वही म्हणजे आपल्यासाठी परमुलूखच. मेट्रिक वजनं आपल्याकडे १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ पर्यंत व्यवहारात तीच सक्तीची झाली. वहीचा पुढचा अर्धा भाग त्याच्या आधीचा आहे, म्हणून त्यात शेर, पावशेर, छटाक, तोळे आहेत. गोंधळ असा, की शेर दोन होते. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. आणि मापाचा शेर वेगळा. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर अशी दुपटीदुपटीने चढत जाणारी ती भांड्यांची उतरंड, आणि वर पायली. मापाचा शेर गावागणिक बदलायचा. धान्य, डाळी, पोहे मापाने, आणि तूप, गूळ, मसाला वजनाने, असा रिवाज होता. वही वाचताना तोच धर.

म्हणजे चकलीच्या भाजणीला आजीने तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ शेरात लिहिली असेल तर डोकं चालवू नकोस. ते माप आहे, चाराला दोन, दोनाला एक, जे काय असेल ते तुझ्या वाटीने घे. पण पुढच्या पानावर गोडा मसाला आहे. तिथे धणे एक शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, दगडफूल पाच तोळे म्हणजे ५८ ग्रॅम, नागकेशर एक तोळा म्हणजे १२ ग्रॅमला थोडं कमी. सराफाच्या दुकानात आज तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. तो हिशेब इथे लावू नकोस, आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा आहे. दगडफूल जरा जास्त झालं की मसाला काळा पडतो आणि कडवट लागतो, हे तुला मी सांगायला नको. मसाला हा आपल्या स्वयंपाकातला असा एक प्रकार आहे, जिथे आपण पहिल्यापासून तोलत आलो. डंकावर कुटायला जाणाऱ्या बायकांच्या हातातली यादी बघ, त्यात वाटी कुठेच नसते.

तेव्हा काटा घरी आल्यावर केक करायला धावायच्या आधी एक दुपार काढ. तुझी रोजची वाटी तबकावर ठेव, शून्य कर, काठोकाठ पाणी भर. जितके ग्रॅम दिसतील तितके मिली तुझी वाटी. मग त्याच वाटीत मैदा, रवा, साखर, बेसन, शेंगदाण्याचं कूट, खोवलेला नारळ एकेक करून भर आणि आकडे लिहून ठेव. आजीच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिही. एवढं झालं की आईची, सासूची, शेजारणीची कुठलीही कृती तुला ग्रॅममध्ये नेता येईल, आणि रोजच्या रोज काटा काढायची गरजही उरणार नाही.

आता वस्तूकडे येऊ.

काट्याच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमची एक छोटी पट्टी असते. वर वजन ठेवलं की ती वाकते; डोळ्याला दिसणार नाही इतकी. तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारांच्या जाळीचा विद्युतरोध त्या वाकण्याने किंचित बदलतो, आणि आतली चिप त्या बदलाचा आकडा करून दाखवते. बस्स. स्प्रिंगच्या काट्यातही तत्त्व वाकण्या-ताणण्याचंच, पण त्याच्या तबकडीवर दहा-वीस ग्रॅमच्या रेघा असतात, आणि काटा कुठल्या रेघेवर आहे हे तू उभी कुठे आहेस यावर ठरतं. तो कांदेबटाट्यांना ठीक आहे. आपल्याकडचा दोन पारड्यांचा तराजू यांतला सगळ्यांत प्रामाणिक, सेल नाही, चिप नाही, वजनं खरी तर तोही खरा. पण कणीक भिजवताना एका हाताने वजनं रचत कोण बसणार? मी बसले असते. तू बसू नकोस.

क्षमता पाच किलो का? भांडं शून्य केलं म्हणजे त्याचं वजन नाहीसं होत नाही, ते पट्टीवर असतंच. दोन किलोच्या काट्यावर तू किलोभराचं जाड बुडाचं पातेलं ठेवलंस आणि बटण दाबून शून्य आणलंस, तरी हातात उरला किलोच. पुरणाला डाळ शिजवलेलं पातेलं, फराळाची परात, लोणच्याची बरणी, हे सगळं भांड्यासकट पाच किलोत बसतं. दहा किलोचेही मिळतात आणि स्वस्तही असतात. तुला घ्यायचा तर घे. फक्त क्षमतेच्या पुढे कधी ठेवू नकोस. एकदा वाकून बसलेली पट्टी परत सरळ होत नाही, मग काटा शून्यच मुळी चुकीचा दाखवतो.

आणि आता ती गोष्ट, जी खोक्यावर कुणी लिहीत नाही. काटा एकेक ग्रॅम दाखवतो याचा अर्थ तो एका ग्रॅमइतका खरा आहे असा नाही. दाखवणं वेगळं, खरं असणं वेगळं. स्वस्तातला काटा दोन किलोला चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे गेला तर मला नवल वाटणार नाही. तुलाही वाईट वाटायचं कारण नाही. तो जर सगळ्यांना सारखाच खोटा असेल, शंभराला अर्धा ग्रॅम कमी, हजाराला पाच कमी, तर मैदाही तितकाच जास्त पडेल आणि साखरही. वाटीचाच न्याय इथे लागतो. तुझा दीर लंडनहून काटा आणायचा म्हणत होता ना? पृथ्वीचं ओढणं लंडनला जरा जास्त आहे आणि पुण्याला कमी. तिथे बेतलेला काटा पुण्यात किलोमागे अडीच-तीन ग्रॅम कमी दाखवेल. केकला त्याचा पत्ताही लागणार नाही. (दिराला हे सांगू नकोस, तो नेमका तोलून बघत बसेल.)

खोटेपणा नडतो तो लहान मापांत. एक ग्रॅमच्या काट्यावर '२' दिसतात तेव्हा आत दीड ते अडीच ग्रॅममधलं काहीही असू शकतं. दोन ग्रॅम खाण्याच्या सोड्यात अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे पाव हिस्सा, आणि जास्त सोडा ढोकळ्यात काय करतो ते तुझ्या घरी सगळ्यांनी चाखलेलं आहे. त्यात या काट्यांची आणखी एक खोड. शून्यावर असताना तबक वाऱ्याने वगैरे किंचित हललं तर ते पुसून पुन्हा शून्य दाखवायचं, असं त्यांना शिकवलेलं असतं. त्यामुळे शून्य करून तू चिमूट चिमूट यीस्ट टाकत गेलीस, तर प्रत्येक चिमूट तो गिळून टाकतो आणि आकडा हलत नाही. उपाय सोपा आहे. तबकावर एखादा चमचा राहू दे, शून्य करू नकोस. २३ दिसत असतील तर २७ होईपर्यंत टाक. नाहीतर उलटं कर. लवंगांची बरणीच काट्यावर ठेव, शून्य कर, आणि बरणीतून काढत जा. वजाचा आकडा दिसतो, तेवढ्या लवंगा तुझ्या हातात आल्या. मसाल्याच्या दिवशी मी हेच करते, मधे वाट्या खराब होत नाहीत.

पण सोडा, बेकिंग पावडर, हिंग यांना सरळ मापाचा चमचा घे. चमचाभर सोडा पाच ग्रॅमच्या जरा आतच भरतो आणि तो चमच्यात नेहमी तसाच बसतो. पावाचा नाद पुढे फारच वाढला, किलोला दहा ग्रॅम यीस्ट हा हिशेब पाव किलोवर आणून अडीच ग्रॅम मोजायची वेळ आली, तर बाजारात ज्वेलरी स्केल म्हणून तळहाताएवढे काटे मिळतात. ते ग्रॅमचा दहावा किंवा शंभरावा भाग दाखवतात. पंखा लावला की त्यांचे आकडे नाचतात, आणि अर्ध्या किलोच्या पुढे त्यांना झेपत नाही. तो नंतर घे. आधी केक नीट फुगू दे.

फोटोतला पहिला काटा, काचेचा, मला अजिबात आवडला नाही. दिसतो छान, पण आकड्यांची पट्टी तबकाला चिकटून आहे. त्यावर परात ठेवलीस की आकडा परातीखाली, मग तू ओट्याशी वाकून, मान वाकडी करून बघणार. पट्टी तबकापासून लांब, पुढे आलेली हवी. असा मिळाला नाही तर तबकावर एक पालथी वाटी ठेवून त्यावर परात ठेवायची, शून्य वाटीसकट करायचं. तिसऱ्या फोटोतला काटा मोबाइलला जोडून कॅलरी सांगतो म्हणे. तुपाच्या लाडवाची कॅलरी कळून कुणाचं भलं झालंय?

सेल कुठले लागतात ते खोक्यावर वाच. रिमोटचे सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात, दिवाळीच्या आदल्या रात्रीसुद्धा. बटणाएवढे गोल चपटे सेल मला घरात नकोच वाटतात, आणि तुझी चिमुरडी सगळं तोंडात घालायच्या वयाची आहे. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. घ्यायचाच झाला तर ज्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू आहे असा घे, आणि जुना सेल फळीवर ठेवू नकोस. चार्जिंगचे काटे म्हणशील, तर आतली बॅटरी मेली की काटाही मेला.

आणखी एक त्रास सगळ्यांतच असतो. मिनिट-दोन मिनिटं हात लागला नाही की काटा आपोआप बंद होतो. तू रवा भाजायला वळलीस, परत आलीस, तर भांड्याचं शून्य गेलेलं, आणि आता त्यात साखर किती पडली होती देव जाणे. हे बंद व्हायला किती वेळ लागतो ते दुकानात घड्याळ लावून बघ. मी यावर काय केलं सांगू? भांड्यांवर नाव घालणारा आला होता तेव्हा माझ्या दोन पातेल्यांच्या आणि परातीच्या कानाशी, नावाखाली, त्यांचं रिकामं वजन कोरून घेतलं. तो माणूस आधी माझ्याकडे आणि मग तुझ्या काकांकडे बघत राहिला. पण आता काटा बंद पडला तरी मला फिकीर नाही. एकूण वजनातून कोरलेला आकडा वजा केला की झालं.

मिलीचं बटण बहुतेक काट्यांवर असतं, त्याला भुलू नकोस. काट्याला भांड्यात काय आहे ते कळत नाही. तो सगळ्याला पाणीच समजतो. पाण्याला ते खरं, दुधालाही जवळजवळ खरं. तेलाला साफ चूक, कारण १०० मिली तेल ९१-९२ ग्रॅमच भरतं. तेलाच्या लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं ते म्हणूनच. त्यातही मधे एक करामत चालली होती. तेल गरम केलं की फुगतं. म्हणून काही कंपन्या पिशवीवर '६० अंश तापमानाला एक लिटर' अशी बारीक अक्षरांत नोंद करायच्या. सोयाबीनचं लिटरभर तेल २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९३ च्या आसपास. कुणाच्या स्वयंपाकघरात तेल ६० अंशांवर ठेवलेलं असतं? ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना सांगितलं की तापमान न लिहिता माप लिहा आणि सोबत वजनही बरोबर छापा. आता तू भरलेली पिशवी तोल, तेल ओतल्यावर रिकामी तोल, आणि मधला आकडा छापलेल्या ग्रॅमशी ताडून बघ.

मात्र असल्या पुड्यांवरून काट्याची परीक्षा करू नकोस. पुडाही चुकू शकतो, आणि कायद्याने त्याला थोडी सूट आहे. अर्धा ते एक किलोच्या पुड्यात १५ ग्रॅमपर्यंतची तूट चालवून घेतली जाते. काटा खरा की पुडा खरा, हा वाद मिटायचा नाही. परीक्षेला नाणी घे. टांकसाळीतून ती ठरलेल्या वजनाची बाहेर पडतात. दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं, म्हणून तशी दहा नाणी ७७ भरली पाहिजेत. एकदा नुसती तोल. मग किलोभर डाळीचा डबा ठेवून, डब्याचा आकडा लिहून, त्यावर तीच नाणी ठेव. वाढ पुन्हा ७७ च्या जवळच हवी. मग नाणी उचलून तबकाच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने ठेवून बघ. कोपऱ्यागणिक आकडा बदलत असेल तर तो काटा दुकानदाराला परत दे. तीनदा ठेवून तीनदा वेगळा आकडा आला तरी परत दे. सारखाच चुकणारा काटा मी घेईन, मनात येईल तसा चुकणारा नाही. नाणी झिजलेली, काळी पडलेली घेऊ नकोस, एवढं मात्र बघ.

ठेवायची जागाही ठरव. खाली कापड, वर्तमानपत्र, प्लास्टिकची जाळी काही नको. कडाप्पा किंवा ग्रॅनाइटचा सपाट ओटा उत्तम. शेजारी मिक्सर फिरत असताना तोलायचं नाही. इंडक्शनच्या शेगडीला चिकटून तोलायचं नाही. गॅसवरची कढई उचलून थेट तबकावर तर कधीच नाही. पोटातली पट्टी तापली की आकडा सरकत राहतो. घाईच असेल तर मधे लाकडी पोळपाट ठेव आणि तो शून्य करून घे. धुवायच्या भांड्यात काटा टाकू नकोस, ओल्या फडक्याने पूस आणि लगेच कोरडा कर. काम झालं की उभा करून ठेव. त्याच्या डोक्यावर रव्याचे-साखरेचे डबे रचून ठेवलेले मी बघितलेत, तुझ्याच आईच्या घरी.

जाता जाता, तुझी मैत्रीण फराळाच्या ऑर्डरी घेते आणि हाच काटा वापरायचा म्हणते, तिला सांग. घरी खायला तोलणं वेगळं आणि किलोने विकणं वेगळं. विकायचं असेल तर वैध मापन खात्याची पडताळणी आणि मुद्रांकन झालेला काटा लागतो. वजनमापांचा २००९ चा कायदा आहे. या स्वयंपाकघरातल्या काट्यांवर बहुधा 'व्यापारासाठी नाही' असं बारीक अक्षरांत लिहिलेलंच असतं. तिने शिक्क्याचा काटा घ्यावा आणि त्याची फेरतपासणी वेळेवर करून घ्यावी. नाहीतर शंभर चकल्यांचा डबा नगावर विकावा, तेही काही वाईट नाही.

गोड्या मसाल्याची यादी तोळ्यांतून ग्रॅममध्ये करून सोबत घातली आहे. जायपत्री तुझ्या बाबाला चालत नाही म्हणून निम्मी धरली, आजीचा मूळ आकडा त्याच्याच पुढे कंसात आहे. धणे नवे आले असतील तरच घे.

चिमुरडीला गोड पापा. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. काटा ऑनलाइन मागवलास तर खोकं उघडल्या दिवशीच नाण्यांची परीक्षा घे. परत करायची मुदत संपल्यावर मला फोन करू नकोस.